वहिनींचा आकडा

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. तिने आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता, पण दुसऱ्याची चूक दिसली की तिच्या जिभेला खाज सुटायची. मयताला गेली आणि तिथे कुणी गेलेल्या माणसाचं वय वर्षाने चुकवलं, तरी ही ते हळूच दुरुस्त करणार. नवरा असता तर कंटाळून पळून गेला असता. लग्नच न केल्यामुळे तेवढी एक भानगड वाचली होती. असल्या बाईला शोभेल अशी जगात एकच नोकरी होती आणि ती नेमकी तिला मिळाली होती.

नोकरी म्हणजे शेपूट सांभाळायची. वेबसाइटच्या पत्त्यात शेवटच्या टिंबापुढे जी अक्षरं येतात, त्यांना ही मंडळी शेपूट म्हणत. देशांची शेपटं असतात, तसं या प्रांतालाही स्वतःचं एक होतं. ते मिळवायला प्रांतातल्या लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, परदेशातल्या परिषदांना जाऊन जोडे झिजवले, आणि एकदाचं मिळालं तेव्हा ते सांभाळायला एक संस्था काढली. संस्था म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या चार खोल्या, एक अध्यक्ष, मूठभर पगारी माणसं आणि कधीही न चालणारी लिफ्ट. दवाखाने, शाळा, वर्तमानपत्रं, केस कापायची दुकानं, प्रांतातल्या सगळ्यांची नावं या शेपटाला टांगलेली. राजधानीला ते पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होतं. चार अक्षरं लावली म्हणजे वेगळा देश होतो की काय, असं तिथले मंत्री चेष्टेने विचारत. त्या चेष्टेत मौज कमी आणि राग जास्त असायचा.

आता किल्लीचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. शेपटाखालच्या प्रत्येक नावावर संस्थेची सही असते. ही सही शाईची नव्हे, यंत्राने केलेली. जगभरची यंत्रं ती तपासतात आणि सही नसली की सरळ ते नाव उडवून लावतात. सही करणारी किल्ली एका पोलादी डब्यात होती आणि डबा आतल्या खोलीत, तिजोरीत. डबा चालू करायचा तर पाच विश्वस्तांपैकी (अध्यक्ष आणि मास्तरीणही त्यातलेच) तिघांनी आपापलं कार्ड घालायचं आणि आपापला गुप्त आकडा दाबायचा. आकडा तीनदा चुकला की ते कार्ड मेलं. मग ब्रह्मदेव आला तरी ते परत जिवंत होत नाही.

दर थोड्या महिन्यांनी या किल्लीची बैठक भरायची. मास्तरीण एकेक पायरी मोठ्याने वाचायची, विश्वस्त ती करायचे, आणि मास्तरीण बघून म्हणायची, "बरोबर." किंवा "चूक." तिने बरोबर म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम होता. नियम अर्थातच तिनेच केलेला. अध्यक्षांना ही बैठक म्हणजे शिक्षा वाटायची. त्यांना भाषणं आवडत आणि इथे त्यांच्या वाट्याला नुसतं बटण दाबणं येई.

वहिनी मात्र बैठकीला हौसेने यायच्या. संस्था ज्यांनी उभी केली ते सगळ्यांचे दादा, त्यांची ही बायको, म्हणून सगळ्यांची वहिनी. दादा गेल्यावर त्यांचं कार्ड वहिनींकडे आलं. त्या संस्थेचे हिशेब बघत आणि तिथे एक आकडा इकडचा तिकडे होऊ देत नसत. स्वतःच्या कार्डाचा आकडा मात्र त्यांच्या लक्षात राहील तर शपथ. शेवटी येऊन अडकायच्या, दोन आकडे उलटसुलट करायच्या, मग मान वळवून मास्तरणीकडे बघायच्या. मास्तरीण कपाळाला आठ्या घालून त्यांच्या कानात सांगायची. दुसऱ्याचा आकडा आपल्याला माहीत असणं हा गुन्हाच होता, आणि स्वतः केलेला एवढा एकच नियम ती स्वतः मोडत असे. वहिनींसाठी तिने याहून मोठे नियमही मोडले असते. आई वारली तेव्हा तिला धरून बसल्या होत्या त्या वहिनीच. तिला जगात जिवाभावाची दोन माणसं होती, एक या वहिनी आणि दुसरा धाकटा भाऊ.

धाकटा डॉक्टर होता. प्रांतात दंगे पेटले आणि राजधानीने फौज धाडली, तेव्हा फौजेने सरकारी दवाखान्यात शिरून गोळ्या लागलेली माणसं खाटांवरून उचलून नेली. त्यातलं एकही परत आलं नाही. मग धाकट्याने आणि त्याच्या चार मित्रांनी दवाखाना सोडला, आणि जखमींना लोकांच्या तळघरांत, माळ्यांवर, गोदामांत ठेवायला सुरुवात केली. शेपटाखाली एक नाव घेऊन त्यांनी एक साइट उघडली. जखमी कुठे पडलाय ते घरच्यांनी तिथे लिहायचं, की डॉक्टर तिथे जाणार. लोक बिनधास्त लिहीत, कारण त्या नावावर सही होती.

तोवर संस्थेची अवस्था अशी झाली होती की पाचातला एक विश्वस्त सरहद्द ओलांडून पळाला होता आणि दुसऱ्याला पुलावर गाडीतून ओढून ठेचून मारलं होतं. जादा म्हणून ठेवलेला दुसरा डबा ज्या इमारतीत होता, ती इमारतच जाळली गेली होती. उरला एक डबा आणि तीन कार्डं. अध्यक्ष, वहिनी आणि मास्तरीण.

फौज आली ती सकाळी, चहाच्या वेळेला. लिफ्ट बंद, त्यामुळे हेल्मेटं आणि बंदुका घेऊन चार मजले चढावे लागले, आणि वर पोचेपर्यंत शिपायांचं डोकं आणखीच तापलं होतं. दाराशी पहारेकरी होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वर्षानुवर्षं जे म्हणत आला, तेच सवयीने म्हणाला, "ओळखपत्र दाखवा." पहिल्या शिपायाने त्याच्या छातीत गोळी घातली. तो जिन्यात आडवा पडला आणि मागचे एकेक जण त्याला ओलांडून आत आले. एकाला ओलांडायचाही कंटाळा आला, त्याने सरळ पोटावर पाय दिला.

आत आल्यावर त्यांनी आधी हात मोकळे करून घेतले. संगणकांचे पडदे फोडले, कपाटं पाडली, नळाची तोटी का कोण जाणे पण तीही उपटली. नेटवर्क बघणारा माणूस दोन्ही हात वर करून उभा होता, तरी त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला. दात कीबोर्डवर पडले. तो ते गोळा करायला वाकला, म्हणून मानेवर दुसरा बसला आणि तो पुन्हा उठला नाही. फोन घेणारी बाई टेबलाखाली शिरली होती, तिला केसांना धरून फरफटत काढलं. सगळ्यांना बोळात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवलं. नळाचं पाणी हळूहळू बोळात आलं आणि सगळ्यांचे गुडघे भिजले.

कप्तान सगळ्यात शेवटी आला. त्याला भयंकर सर्दी झाली होती. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, हातात रुमाल. "कार्डवाले कोण कोण?" त्याने विचारलं. विचारायचा अवकाश, अध्यक्षांनी तिघांची नावं सांगून टाकली.

तिघांना आतल्या खोलीत नेलं. टेबलावर डबा ठेवला, समोर कार्ड घालायचं यंत्र. कप्तानाबरोबर एक रुंद मनगटांचा शिपाई होता, त्याच्या हातात साधी सुताराची हातोडी. कप्तानाने खिशातून चिठ्ठी काढून मास्तरणीपुढे ठेवली. त्यावर एक नाव होतं, आणि त्याखाली एका मशीनचा पत्ता.

"एवढंच काम आहे," तो शिंकून म्हणाला. "हे नाव या मशीनकडे वळवायचं आणि सही करायची. बाकी तुमच्या शेपटाला आम्ही हात लावत नाही."

नाव धाकट्याच्या साइटचं होतं. मशीन कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. सही झाली की उद्यापासून लोक आपली माणसं कुठे लपवलीत ते आपल्या हाताने फौजेला लिहून कळवणार. फौज त्या तळघरात जाणार आणि तिथे गुडघ्यांवर बसून कुणाला तरी टाके घालत असलेला धाकटा सापडणार.

"कुणाचं आहे हे नाव?" तिने वेळ काढायला विचारलं.

"तुला काय करायचंय? कार्ड घाला."

अध्यक्षांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी कार्ड घातलं, आकडा दाबला, वर मोठ्याने म्हणूनही दाखवला. हिरवा दिवा लागला. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या पँटीचा पुढचा भाग भिजला. मास्तरणीला त्या माणसाचा राग आला, आणि त्याच वेळी आपल्यालाही तसंच होणार आहे असं वाटून लाज वाटली.

मग तिची पाळी. तिने जिन्यात पहिली गोळी ऐकली तेव्हाच ठरवलं होतं की आपलं कार्ड मारायचं. तीनदा चुकीचा आकडा, की संपलं. मग काय करायचं ते करोत. तिने कार्ड घातलं आणि भलताच आकडा दाबला. लाल दिवा लागला.

कप्तान तिच्याकडे बघतही नव्हता. तो म्हणाला, "तुझे हात मला लागणार आहेत. तेव्हा तुझ्या चुकीचं बिल या बाईंच्या नावावर." हातोडीवाल्याने वहिनींचा डावा हात ओढून टेबलावर दाबला आणि करंगळीवर हातोडी मारली.

वहिनी ओरडल्या. त्यांचं ओरडणं मास्तरणीने कधी ऐकलंच नव्हतं. ही बाई मोठ्याने हसायची, मोठ्याने बोलायची, पण ओरडायची नाही. करंगळी चपटी झाली होती आणि नख बाजूला टेबलावर पडलं होतं.

"चुकून झालं असेल," कप्तान म्हणाला. "पुन्हा दाब."

आणखी दोनदा चुकायचं होतं. दोनच. ती वहिनींच्या हाताकडे बघत राहिली. तिने खरा आकडा दाबला. हिरवा दिवा लागला आणि कप्तान म्हणाला, "शाब्बास." पुढे तिला याबद्दल कुणी काही विचारलं नाही, पण ती स्वतःला रोज विचारत राहिली. वहिनींची आणखी दोन बोटं गेली असती, एवढंच झालं असतं. तिला ते बघवलं नाही आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

आता वहिनींची पाळी. उजव्या हाताने त्यांनी कार्ड घातलं. बोट बटणावर नीट पडेना, म्हणून कप्तान म्हणाला, "तुम्ही नुसता सांगा, मी दाबतो." वहिनींनी एकेक आकडा सांगितला. पहिले सगळे बरोबर आले. शेवटचे दोन उलटे आले, नेहमीसारखे.

"चूक," मास्तरीण म्हणाली.

ते तिच्या तोंडातून निघूनच गेलं. इतक्या बैठकांत, त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून ती तेच म्हणत आली होती. तिने जीभ चावली तोवर उशीर झाला होता. कप्तानाचं बोट अजून शेवटच्या बटणाच्या वर, हवेतच होतं. त्याने ते बटण दाबलं. लाल दिवा लागला.

कप्तानाने सावकाश नाक पुसलं. "यंत्राच्या आधी तुला कसं कळलं?"

हातोडीवाल्याला सांगावं लागलं नाही. त्याने वहिनींच्या पुढच्या बोटावर मारली, आणि पहिला फटका नीट बसला नाही म्हणून परत मारली. वहिनींना उलटी झाली. अध्यक्ष भिंतीजवळून रडत म्हणाले, "वहिनी, आठवा हो. सांगून टाका. एक नाव तर आहे."

"सांगते," वहिनी म्हणाल्या. "थांबा जरा. सांगते." त्यांनी दुसरा आकडा सांगितला. त्याचा खऱ्या आकड्याशी काही संबंधच नव्हता. मास्तरणीने या वेळी ओठ इतके घट्ट मिटले की आतून रक्त आलं. लाल दिवा लागला. हातोडी पडली. वहिनींचा हात आता हातासारखा दिसत नव्हता.

अध्यक्ष एकदम किंचाळले, "आता नको! आता चुकलं तर कार्ड मरेल. साहेब, आता नीट विचारून दाबा." साहेबाला ते माहीत होतं. त्याने पिस्तूल काढलं आणि वहिनींच्या कानामागे लावलं, पण बघत होता तो मास्तरणीकडे.

"तुला यांचा आकडा येतो," तो म्हणाला. "तो बरोबर निघाला तर सगळे घरी जातील. सांग."

मास्तरणीला तो वहिनींच्या कार्डाचा आकडा इतका पाठ होता की झोपेत उठवून विचारला असता तरी तिने सांगितला असता. तोंडात येऊन थांबला होता. तो सांगितला तर वहिनी घरी जातील, हात बांधून घेतील, पुन्हा हसतील. नाही बोलली तर धाकटा वाचेल, आणि त्या तळघरांतली, नावंही माहीत नसलेली माणसं वाचतील. तिला देव आठवला नाही, प्रांत आठवला नाही, शेपूट तर मुळीच आठवलं नाही. तिला आठवला तो लहानपणी तिच्या पाठीवर बसून तिला चालवणारा धाकटा, आणि समोर वहिनी होत्या.

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांब. मला आठवला."

त्यांनी मान वळवली आणि मास्तरणीकडे बघितलं. चेहरा घामाने आणि उलटीने भिजला होता, डोळे लाल झाले होते. तशाच नजरेने बघत त्यांनी आकडा सांगितला. या वेळी त्या कुठे अडखळल्या नाहीत. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, सगळे बरोबर. फक्त शेवटचा चुकला.

कप्तानाने दाबला नाही. "काय ग?" त्याने मास्तरणीला विचारलं. "बरोबर आहे हा?"

तिच्या आयुष्यात चुकीला तिने कधी बरोबर म्हटलेलं नव्हतं. आईच्या सरणापुढेही नाही. ती वहिनींकडे बघत होती आणि वहिनी तिच्याकडे.

"बरोबर," ती म्हणाली.

कप्तानाने आकडा दाबला. लाल दिवा लागला आणि तसाच लागून राहिला. डब्यातून एक बारीक आवाज आला आणि बंद झाला.

कप्तानाने वहिनींना गोळी घातली. तो चिडून ओरडला वगैरे नाही. आधी गोळी घातली, मग रुमाल शोधला. वहिनी टेबलावर पुढे पडल्या, डब्यावर, आणि त्यांचं रक्त डब्याच्या फटीत गेलं. मास्तरीण उठली आणि कप्तानाच्या तोंडावर धावली. तिने त्याच्या गालाचा लचका तोडला, अगदी दातांनी, आणि तो तोंडात धरून ती फरशीवर पडली, कारण हातोडी तिच्या डाव्या कानावर बसली होती. दुसरा फटका डोक्यात बसणार, तेवढ्यात अध्यक्ष ओरडले, "हिला मारू नका! नवी किल्ली करायची तर हीच लागेल, दुसऱ्या कुणाला येत नाही!" ते भीतीने बोलले की दयेने, ते त्यांनाच माहीत. पण त्यामुळे ती जगली.

किल्ली गेली तरी आधी झालेल्या सह्या लगेच जात नाहीत, काही दिवस चालतात. तेवढ्या दिवसांत बातमी फुटली. धाकट्याने आणि त्याच्या मित्रांनी साइटवर लिहिलं की आता इथे काही लिहू नका, आणि जखमींना खांद्यावर, हातगाड्यांवर, पाण्याच्या टँकरमधून सरहद्दीपलीकडे नेलं. मग सह्या शिळ्या झाल्या आणि अख्ख्या प्रांताची नावं एकेक करून मुकी झाली. शाळा गेल्या, वर्तमानपत्रं गेली, केस कापायची दुकानंसुद्धा गेली. मास्तरीण तेव्हा कोठडीत होती. तिला नवी किल्ली कर म्हणून मारत, आणि ती एकटीने होत नाही, बाहेरच्या जगाने मानायला पाहिजे, हे तिने खरं तेच सांगितलं तरी मारत. डावा कान कायमचा गेला.

पुढे राजधानीतलं सरकार पडलं, करार झाला, फौज परत गेली. मास्तरीण सुटली. धाकट्याने तिला घरी आणलं, स्वतःच्या हाताने भरवलं, कानाला औषध घातलं. तो जिवंत आहे याचा तिला आनंद होता आणि त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तो जेवताना मोठ्याने चावायचा. तो आवाज ऐकला की तिला वाटायचं, याचा एकेक घास मी कुठून आणलाय ते याला कळत कसं नाही. मग स्वतःचीच शरम वाटून ती उठून जायची. खोलीतली गोष्ट तिने त्याला कधी सांगितली नाही.

अध्यक्षांनी मात्र ती सगळीकडे सांगितली. संस्था पुन्हा सुरू झाली, नवा डबा आला, भिंतीवर वहिनींचा मोठा फोटो लागला, आणि पहिल्याच सभेत अध्यक्ष गळा काढून म्हणाले की वहिनींनी जाणूनबुजून चुकीचा आकडा सांगून प्राण दिले. लोक रडले. मास्तरीण खाली मान घालून बसली होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दुरुस्त करावं की नाही ते समजेना.

संस्थेने ठरवलं की वहिनींच्या जागेचं नवं कार्ड त्यांच्या मुलाला द्यायचं. मुलगा वेल्डर होता, थोराड, आईसारखाच रुंद. त्याने लहानपणापासून मास्तरणीला मावशी म्हटलेलं. बैठकीच्या आधी त्याने तिला बोळात गाठलं. आत अध्यक्ष कुणाला तरी खुर्च्या कशा मांडायच्या ते समजावत होते.

"मावशी, मी आत जाईन," तो म्हणाला. "पण आधी खरं सांग. आई मुद्दाम चुकली ना?"

ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघू लागली.

"तुला आकडा माहीत होता, असं अध्यक्ष म्हणाले. तुझ्या तोंडून आधी चूक असं निघालं, तेही म्हणाले. मग शेवटी तू बरोबर कसं म्हणालीस?"

"मी खोटं बोलले."

"म्हणजे आईनं तुला खूण केली. मुद्दाम चुकीचा सांगतेय, तू हो म्हण, अशी."

तिने तोंड उघडलं. हो म्हणणं फार सोपं होतं. एक शब्द, आणि हा मुलगा आईचा फोटो बघून जन्मभर ताठ मानेने जगला असता. "माहीत नाही रे," ती म्हणाली. "आधी मलाही तसंच वाटलं. पण तुझी आई दर वेळी शेवटच्या आकड्यांवर अडायची. दर वेळी माझ्याकडे बघायची, मी सांगावं म्हणून. त्या दिवशीही बघत होती. मुद्दाम चुकली असेल, नाहीतर विसरली असेल आणि मी सांगीन म्हणून बघत असेल. मला नाही माहीत. रोज बघते तिचा चेहरा. कळत नाही."

त्याने तिचा गळा धरला. लोखंड वाकवणारे हात होते. त्याने तिला भिंतीवर दाबलं, पाय जमिनीवरून सुटले, डोळ्यांपुढे अंधार आला. तिने हात वर केले नाहीत. उजव्या कानाने त्याचा श्वास ऐकू येत होता, त्याच्या घशातून कसलातरी आवाज निघत होता. मग त्याने सोडलं. ती खाली कोसळली आणि तो तिच्यासमोरच फरशीवर बसला.

"ती तुझ्याकडे मदत मागत होती," तो म्हणाला.

"असेल."

"आणि तू तिला मारलंस."

"तसं समज," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी मारलं असं समज. तुला सोपं जाईल."

"मला सोपं नकोय. खरं काय ते सांग."

तिने त्याच्या आईसारख्याच रुंद चेहऱ्याकडे बघितलं. "ते मला माहीत असतं," ती म्हणाली, "तर तुझ्या आधी मीच झोपले असते रे एखादी रात्र."

आतून अध्यक्षांनी हाक मारली, सगळे जमलेत, बैठक सुरू करायचीय. मुलगा उठला, तोंड पुसलं आणि आत न जाता जिना उतरून गेला. मास्तरीण भिंतीला धरून उठली. गळ्यावर त्याची बोटं उमटली होती आणि गिळताना दुखत होतं. ती तशीच आत गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती.